‘बहुपक्षीय’ या एका शब्दावरून पारखलेले भाषांतर केंद्र

खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आम्ही चार निवृत्त शिक्षक मिळून एक अभ्यासिका चालवतो. स्पर्धा परीक्षा देणारी आणि वक्तृत्व व निबंध स्पर्धांत उतरणारी मुले तेथे येतात. आंतरराष्ट्रीय संस्थांची ओळख करून देणारी ३६ पानांची एक इंग्रजी पुस्तिका त्यांच्यासाठी मराठीत आणावी, असे आम्ही ठरवले आणि ते काम बेळगावातील या भाषांतर व टंकलेखन केंद्राकडे सोपवले. आपल्या भागात भाषांतर केंद्र म्हणजे कन्नड उतारा, खरेदीपत्र किंवा वारस दाखला मराठीत करून देणारे ठिकाण, अशीच बहुतेकांची समजूत असते, आणि या केंद्राचेही रोजचे काम तेच आहे. अशा ठिकाणी राज्यशास्त्राचा मजकूर द्यावा की नाही, याविषयी आमच्यात थोडी चर्चा झाली होती. पानाला २०० रुपये दर, छपाईआधीची मुद्रिते (प्रुफे) दोन वेळा तपासण्याची सोय आणि १५ दिवसांची मुदत ठरली.

पहिले मुद्रित हाती आले तेव्हा टंकलेखन स्वच्छ होते, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फारच थोड्या होत्या आणि वाक्ये मराठी वळणाची होती. मात्र ज्या शब्दाभोवती सगळी पुस्तिका फिरते, त्या शब्दाला तीन ठिकाणी तीन रूपे मिळाली होती. दुसऱ्या पानावर ‘बहुराष्ट्रीय सहकार्य’, पाचव्या पानावर ‘सर्वपक्षीय संस्था’ आणि अकराव्या पानावर ‘बहुपक्षीय करार’. मूळ इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘मल्टिलॅटरल’ हा एकच शब्द होता, म्हणजे अनेक देशांनी मिळून, सगळ्यांना लागू अशा एकाच नियमाने केलेले. मुलांनी ही पुस्तिका तशीच वाचली असती, तर या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत असे समजून त्यांनी तीन वेगवेगळ्या व्याख्या पाठ केल्या असत्या. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाचे यापेक्षा मोठे नुकसान नाही.

‘बहुराष्ट्रीय’ हा शब्द मराठीत आता पक्का रुळला आहे आणि तो कंपनीला लागतो. एकाच मालकीची कंपनी अनेक देशांत कारखाने काढते, तेव्हा ती बहुराष्ट्रीय होते, पण त्या देशांच्या सरकारांनी एकत्र बसून काही ठरवलेले असावे लागत नाही. ‘भारत हा अनेक बहुराष्ट्रीय संस्थांचा संस्थापक सदस्य आहे’ असे वाक्य मुद्रितात होते, आणि ते वाचून भारताने कंपन्यांचे समभाग घेतले आहेत की काय, असा प्रश्न कोणाही मुलाने विचारला असता. ‘सर्वपक्षीय’ हा शब्द तर आपल्या भागात बैठक, मोर्चा आणि बंद यांच्याशी इतका बांधला गेला आहे की तो ऐकताच डोळ्यांसमोर राजकीय पक्षांचे झेंडे येतात. शिवाय ‘सर्व’ म्हणजे कोणीही न वगळता; बहुपक्षीय व्यवस्थेत सगळे देश असतीलच असे नाही. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेत आठच देश आहेत, तरी ती बहुपक्षीय संघटनाच आहे.

हे सगळे लिहून देण्याऐवजी मी मुद्रिताचे कागद घेऊन स्वतः केंद्रात गेलो. भाषांतराचे काम पाहणाऱ्या ताईंनी दुकानातील गिऱ्हाइके संपेपर्यंत मला बसवून घेतले आणि मग पेन्सिल घेऊन समोर बसल्या. त्यांनी स्वतःच विषय काढला. “काय ओ सर, बहुपक्षीय लिहिलं तर पोरं काँग्रेस-भाजपच समजतील की ओ.” त्यांची शंका बरोबर होती, हे मी येथे मोकळेपणाने नोंदवतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत ‘बहुपक्ष पद्धती’ असते, म्हणजे अनेक राजकीय पक्ष असलेली लोकशाही. त्या शब्दात आणि ‘बहुपक्षीय’मध्ये एका प्रत्ययाचे अंतर आहे. त्यांनी ‘बहुराष्ट्रीय’ घातला तो निष्काळजीपणाने घातलेला नव्हता. गैरसमज टाळावा म्हणून घातला होता, आणि नंतर पुढच्या पानांवर तो बसेना तसा त्या शब्द बदलत गेल्या होत्या.

आम्ही मग ‘पक्ष’ या शब्दापासून सुरुवात केली. पक्ष म्हणजे मुळात पंख, बाजू. शुक्ल आणि कृष्ण पक्ष या महिन्याच्या दोन बाजू आहेत, लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष असतात, वादात पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष असतात, आणि जुन्या करारपत्रांत ‘उभयपक्षी मान्य’ असे लिहिलेले आजही सापडते. निवडणूक लढवणारा पक्ष हा या शब्दाचा त्या मानाने अलीकडचा अर्थ आहे. मूळ इंग्रजी शब्दाच्या पोटातही ‘बाजू’ असा अर्थ असलेला लॅटिन शब्दच बसला आहे. त्यामुळे ‘बहुपक्षीय’ हा शब्द ओढूनताणून घडवलेला वाटला तरी त्याची जडणघडण अगदी नेमकी आहे. ताईंनी यावर सुचवलेला उपाय मला फार आवडला. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर चार ओळींची चौकट द्यावी आणि तिच्यात ‘येथे पक्ष म्हणजे करारातील बाजू, अर्थात देश’ एवढे स्पष्ट सांगून टाकावे, म्हणजे पुढे ३५ पाने निर्धास्तपणे एकच शब्द वापरता येईल. छापील पुस्तिकेत ती चौकट आहे आणि आमच्या मुलांना तिचा खरोखर उपयोग होतो.

चौकटीत व्याख्या काय लिहायची, यावर मात्र आणखी एक दुपार गेली. ‘तीन किंवा अधिक देशांमधील सहकार्य’ असे त्यांनी लिहिले होते. संख्येच्या दृष्टीने हे बरोबर आहे. एकाचा निर्णय तो एकतर्फी, दोघांचा करार तो द्विपक्षीय, आणि तिथून पुढे बहुपक्षीय. परंतु एखाद्या देशाने तीन शेजाऱ्यांशी तीन स्वतंत्र करार केले, एकाला जास्त सवलत दिली, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला अटींवर दिली, तर देश चार होऊनही तो व्यवहार बहुपक्षीय ठरत नाही. सगळ्यांना लागू असा एकच नियम आधी ठरलेला असणे आणि तो नियम लहान-मोठा न पाहता प्रत्येकाने आपल्यावर लागू करून घेणे, हा या शब्दाचा गाभा आहे. एका विहिरीवर पाच हिस्सेदार असले आणि ज्याने त्याने मोटार लावणाऱ्याशी आपापले बोलून घेतले, तर विहीर पाच जणांची असूनही तेथे रोज भांडण होते. पाचही जणांनी बसून पाळी लावली आणि ती सगळ्यांनी पाळली, तर त्याच विहिरीचे पाणी पुरते. मुलांना मी हेच उदाहरण देतो.

पुस्तिकेत याचे सर्वांत बोलके उदाहरण टपालाचे आहे, आणि केंद्राने त्या प्रकरणाचे भाषांतर इतके चांगले केले आहे की मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी पत्र पाठवायचे म्हणजे ते ज्या ज्या देशांतून जाणार त्यांचे दर, वजनाची मापे आणि मार्ग वेगवेगळे असत, आणि देशांना जोडीजोडीने टपाल करार करावे लागत. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ देशांनी एकच करार केला आणि त्यातून आज ‘जागतिक टपाल संघटना’ म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. टपालापुरता सगळ्या सदस्य देशांचा मिळून एकच प्रदेश मानायचा, असे त्यांनी ठरवले. भारत १८७६ मध्ये तिचा सदस्य झाला. ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन त्या कराराच्या तारखेवरूनच आला आहे. खानापूरच्या टपाल कार्यालयात भारतीय तिकीट लावून टाकलेले पत्र जर्मनीत पोहोचते आणि वाटेत कोणत्याही देशाचे दुसरे तिकीट लावावे लागत नाही, याचे मूळ त्या करारात आहे. २२ देशांनी आपापसांत जोडीजोडीने करार करायचे म्हटले असते तर २३१ करार लागले असते. आज संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य आहेत. त्यांच्या जोड्या होतात १८,५२८. हा हिशेब मूळ पुस्तिकेत नव्हता. मी तो करून दिला आणि केंद्राने ज्यादा पैसे न घेता समासात बसवला.

व्यापाराच्या प्रकरणात अडचण वेगळी आली. १९४७ मध्ये २३ देशांनी केलेल्या गॅट या व्यापार व जकातीविषयीच्या करारापासून ते १ जानेवारी १९९५ रोजी स्थापन झालेल्या जागतिक व्यापार संघटनेपर्यंत भारत पहिल्या दिवसापासून सोबत आहे, आणि एका सदस्याला दिलेली सवलत सर्व सदस्यांना द्यावी हे तिथले मुख्य तत्त्व आहे. एवढे ठीक उतरले होते. पण त्याच संघटनेच्या छताखाली काही करार असे आहेत, की जे फक्त सही करणाऱ्या काही सदस्यांनाच लागू होतात. सरकारी खरेदीचा करार हा त्यातलाच. भारत त्यात निरीक्षक आहे, पक्षकार नाही. इंग्रजीत अशा करारांसाठी निराळा शब्द आहे आणि केंद्राने तोही ‘बहुपक्षीय’ असाच लिहिला होता. परिणामी एकाच परिच्छेदात ‘हा करार बहुपक्षीय असल्याने सर्वांना लागू होतो’ आणि ‘हा करार बहुपक्षीय असल्याने सर्वांना लागू होत नाही’ अशी दोन वाक्ये शेजारी शेजारी आली होती. दुसऱ्या वाचनात हे केंद्राच्या स्वतःच्या लक्षात यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. नवा जड शब्द घडवत बसण्यापेक्षा आम्ही तेथे ‘काही सदस्यांपुरता करार’ असे साधे लिहिले.

सार्कविषयीच्या प्रकरणात एका वाक्यावर पुन्हा अडलो. डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्यात स्वीकारलेल्या सार्कच्या सनदेतील दहाव्या कलमात दोन गोष्टी आहेत. सर्व निर्णय एकमताने घ्यावेत, आणि द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळावेत. केंद्राने दुसऱ्या भागाचे भाषांतर ‘दोन्ही पक्षांतील वादाचे मुद्दे’ असे केले होते. यात आठ देशांच्या संघटनेत कोणते दोन पक्ष, हा घोळ तर आहेच, शिवाय कलमातले सगळ्यात महत्त्वाचे बोलणेच हरवते. या बहुपक्षीय संघटनेने दोन देशांमधले भांडण आपल्या टेबलावर येऊ द्यायचे नाही, असे सनदेतच लिहून ठेवले आहे. सार्कची ताकद आणि तिची अडचण या दोन्ही त्या एका वाक्यात आहेत, म्हणून तेथे ‘द्विपक्षीय’ हाच शब्द हवा, असा मी आग्रह धरला. सिंधू पाणी कराराबाबत मुलांचा नेहमी गोंधळ होतो, म्हणून तेही येथेच जोडून घेतले. १९६० च्या त्या करारावर भारत, पाकिस्तान आणि जागतिक बँक अशा तिघांच्या सह्या आहेत, तरी बँकेची सही ठरावीक कलमांपुरती असल्याने तो करार द्विपक्षीयच मानला जातो. सह्या मोजून शब्द ठरत नाही.

केंद्राच्या बाजूने सांगण्यासारख्या गोष्टीही बऱ्याच आहेत. एका देशाने कोणाला न विचारता घेतलेल्या निर्णयासाठी त्यांनी ‘एकपक्षीय’ हा कोशातला शब्द न घेता सर्वत्र ‘एकतर्फी’ लिहिले. एकतर्फी निकाल, एकतर्फी सामना, एकतर्फी प्रेम असे आपण रोज बोलतो, आणि ‘एकतर्फी निर्बंध’ म्हटल्याबरोबर दहावीच्या मुलालाही अर्थ कळतो. मग ‘बहुतर्फी’ का नको, असे मला क्षणभर वाटले होते. परंतु तो शब्द कोणाच्या तोंडी नाही, आणि रस्त्याच्या कडेची झाडी दुतर्फा असते तसा त्याचा ध्वनी होतो. ‘त्रिपक्षीय’ मात्र आपल्याकडे परका नाही. कंपनी, कामगार संघटना आणि कामगार खाते यांच्यातील त्रिपक्षीय करार बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही जुन्या कामगाराला माहीत असतो. ताईंनी हे उदाहरण चौकटीत घालण्याची सूचना केली आणि त्यामुळे ‘पक्ष म्हणजे बाजू’ हे मुलांच्या घरातल्या माणसांपर्यंत पोहोचले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत सरकारे, मालक आणि कामगार असे तिघांचे प्रतिनिधी बसतात, हे सांगायलाही त्यामुळे वाट मिळाली.

केंद्रात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांची कामे एकाच टेबलावर होतात, याचाही अनपेक्षित फायदा झाला. कन्नड टंकलेखन करणाऱ्या मुलाला ताईंनी विचारले, तर कन्नडमध्येही ‘द्विपक्षीय’ आणि ‘बहुपक्षीय’ हेच शब्द याच अर्थाने वापरतात, असे त्याने लगेच सांगितले. लिपी वेगळी, उच्चार जवळपास तोच. आमच्या अभ्यासिकेतील काही मुले कर्नाटकाच्या परीक्षा कन्नडमधून देतात आणि काही मुले महाराष्ट्राच्या परीक्षा मराठीतून देतात. हा शब्द एकदा नीट कळला की दोन्हीकडे उपयोगी पडतो. बेळगाव सोडून इतर कुठल्या शहरात हा खुलासा पाच मिनिटांत झाला असता, असे मला वाटत नाही.

याच बसण्यात म्हादईचा प्रश्न निघाला. ही नदी आमच्या खानापूर तालुक्यातच उगम पावते, आणि कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र या तीन राज्यांचा तिच्या पाण्यावरचा वाद २०१० मध्ये नेमलेल्या लवादापुढे चालून २०१८ मध्ये निवाडा आला. तीन बाजू आहेत, म्हणून हा बहुपक्षीय प्रश्न म्हणावा का, असे मुले विचारतात. ताईंचे उत्तर माझ्यापेक्षा सुटसुटीत होते. पक्षकार अनेक आहेत हे खरे, पण ती एकाच देशातील राज्ये आहेत आणि वर देशाचा कायदा आहे, म्हणून ‘आंतरराज्य’ हाच शब्द योग्य. बहुपक्षीय व्यवस्थेत देशांच्या वर असा कायदा आणि त्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा नसते. सगळ्यांनी स्वखुशीने मान्य केले तेवढेच नियम असतात. मला वाटते, संयुक्त राष्ट्रांकडून आपण कधी फार जास्त तर कधी फारच कमी अपेक्षा करतो, ती हा फरक न कळल्यामुळे. २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ज्यांनी सनदेवर सही केली त्यांत भारत होता, पण त्या सहीने कोणत्याही देशाने आपले सार्वभौमत्व संयुक्त राष्ट्रांच्या हवाली केले नव्हते.

बेळगावकरांना हा शब्द दूरचा वाटू नये, म्हणून एक स्थानिक टीपही घातली आहे. शहराच्या काही प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झाले ते जागतिक बँकेच्या साहाय्याने. हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीतही तोच प्रकल्प होता. लोक तिला ‘परदेशी बँक’ म्हणतात. ती कोणा एका देशाची नाही, अनेक सदस्य देशांनी मिळून भांडवल घातलेली आहे आणि त्यांत भारतही एक भागीदार आहे. म्हणून तिला बहुपक्षीय बँक म्हणतात. ज्या घरात ते पाणी येते त्या घरातल्या मुलाला हे वाक्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तक्रारी दोन आहेत. १५ दिवसांचे काम ३२ दिवसांवर गेले, आणि त्यातील निम्मा उशीर माझ्या दुरुस्त्यांमुळे झाला असला तरी उरलेला दाखले-उताऱ्यांच्या गर्दीत आमचे काम मागे पडल्यामुळे झाला. तसे आधी कळवले असते तर मुलांना तारीख चुकीची सांगावी लागली नसती. दुसरे असे की जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना जोडाक्षरे फुटली आणि नेमका ‘क्ष’ तुटून सहा ठिकाणी ‘बहुपक् षीय’ असे छापून आले. शेवटच्या मुद्रितावर माझी नजर पडली म्हणून ते निस्तरले. छपाईला जाण्याआधी असे शब्द शोधून पाहण्याची पद्धत केंद्राने लावून घेतली पाहिजे.

दाखले, करारपत्रे, निमंत्रणपत्रिका यांसाठी हे केंद्र मी कोणालाही बिनदिक्कत सुचवीन. अभ्यासाचा किंवा पारिभाषिक शब्दांचा मजकूर द्यायचा असेल तर सोबत आपली शब्दसूची द्यावी आणि पहिल्या मुद्रिताला स्वतः जाऊन बसावे. ताई वेळ देतात, ऐकून घेतात आणि पटले नाही तर तसे सांगतात. ‘बहुपक्षीयता’ घ्यावी की ‘बहुपक्षवाद’, यावर त्यांनी माझे म्हणणे मान्य केले नाही. वाद म्हटले की मुलांना भांडण वाटते, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि पुस्तिकेत ‘बहुपक्षीयता’च छापले आहे. पर्यावरण करारांवरची आमची पुढची २४ पानांची पुस्तिका मागच्या सोमवारी त्यांच्याकडेच दिली. तिच्या पहिल्या पानावर, ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराच्या मजकुराआधी, ४० शब्दांची सूची जोडली आहे.